न धुतलेली थापी

आफ्रिकेतल्या एका देशात आमची कंपनी शांतिसेनेच्या कॅम्पवर होती. मी हवालदार, मेन गेटचा गार्ड कमांडर. आदल्या संध्याकाळी ऑर्डर आली. जीव वाचवायला पळून आलेल्यांनाच आत घ्यायचं, कामधंदा मागायला येणाऱ्यांना गेटवरूनच परत पाठवायचं. ऐकायला सोपी वाटली.

माझ्या गार्डात विक्रोळीचा नाईक कदम होता. त्याचे वडील कोकणातून पोटासाठी मुंबईत आलेले गवंडी. शाळा सुटली की कदम त्यांच्या साइटवर घमेली उचलायचा. बोलायला फटकळ, पण जीव लावणारा.

सकाळी युसुफ गेटवर आला. तोही गवंडीच, शेजारच्या देशातून कामासाठी आलेला. आमच्या पाण्याच्या टाकीचा चौथरा त्यानेच बांधला होता. रोजच्यासारखी हातात थापी. आज मात्र मागे बायको आणि दोन मुलं.

सेन्ट्रीने हात आडवा केला. "नो वर्क टुडे. गो."

युसुफ मागे वळून बाजाराच्या रस्त्याकडे बघत होता. कदम पुढे झाला.

"हवालदार साहेब, थापी बघा. सिमेंटचा माल अजून ओला आहे."

"मग?"

"गवंडी थापी धुतल्याशिवाय काम सोडत नाय. एकदा मी तशीच टाकली, तर बाबांनी कानफटवलंन मला. हा काम मागायला नाय आला. कामावरून पळालाय."

मी हादरलोच. काल पोटासाठी आलेला माणूस आज जिवासाठी उभा होता. माणूस तोच, थापी तीच, आणि आम्ही त्याला हाकलत होतो.

"गेट उघड," मी म्हणालो.

तेवढ्यात बाजाराच्या बाजूने फायर आला. रेडिओ खरखरला.

"चार्ली टू, गेट बंद करो. ओव्हर."

"सिव्हिलियन बाहर हैं. वेट. आउट."

बायको आत आली, मुलगा आला, युसुफ आला. धाकटी मुलगी बाहेरच भेदरून बसली होती. कदम धावला, तिला उचललं आणि गेटमधून माझ्याकडे ढकललं. मुलगी आत आली. कदम आला नाही.

रजेवर आलो तेव्हा विक्रोळीला त्याच्या घरी गेलो. बाबांना सगळं सांगितलं.

"तो मिस्त्री जगला?"

"जगला. चौघंही."

"थापीवरनं वळखलान?"

"हो."

बाबा म्हणाले, "त्याला परत पाठवला असतात, तर माझा पोरगा आज असता."

  

हल्ली आमच्या मुलुंडच्या सोसायटीत कधीकधी वाद रंगतो. निर्वासित वेगळे, हे पोट भरायला येणारे लोंढे वेगळे, असं कोणी ठासून सांगतं. मला युसुफचं तोंड आठवतं आणि मी उठून जातो.

त्या दिवशी विक्रोळीत एवढं बोलून बाबा उठले. खाटेखालून आपली जुनी थापी काढली, नळाखाली धरून घासून धुतली, पंच्याने पुसली आणि कदमच्या फोटोखाली ठेवली.