रांगोळीने घासलेला घोडा

आता मी ऐंशी ओलांडली आहे. भाजीत मीठ दोनदा पडलं तरी सगळे हसून सोडून देतात. पण २००४ साली अमेरिकेत ईडन प्रेरीला मुलाकडे सहा महिने राहिले, तेव्हा मी साठीची तरुणी होते आणि माझ्या हातून चुका होत नसत. निदान माझी तशी ठाम समजूत होती.

सुनेच्या बाळंतपणासाठी मी गेले होते. तिची आई हयात नव्हती, म्हणून मुलीजवळ 'आपलं कुणीतरी' असावं या विचाराने तिचे वडीलही नागपूरहून आले. मग मी काय परकी? त्या एका शब्दावरून मी पहिल्याच दिवशी डूख धरला. बाहेर गुडघाभर बर्फ, गाडी दोघांनाही चालवता येत नाही, मुलगा दिवसभर ऑफिसात आणि घरात समोरासमोर व्याही आणि विहीण.

व्याहीबुवांना शाळेपासून नाण्यांचा नाद. खिशात सतत एक भिंग. त्या भिंगाने ते पेपर वाचत, औषधाची बाटली वाचत, आणि माझ्या उपम्यातला करपलेला कण शोधायलाही त्यांनी ते काढलं असतं, याची मला खात्री होती. मीही काही कमी नव्हते. त्यांच्या चहात साखर किती हे मला नेमकं ठाऊक होतं, म्हणून मी नेमकी तेवढी घालत नसे. तिसऱ्या दिवशी मी सुनेचा काळा नॉनस्टिक तवा तारेच्या घासणीने घासून पांढरा लख्ख केला. व्याह्यांनी तो उजेडात धरून पाहिला, वर्तमानपत्रात गुंडाळला आणि माळ्यावर ठेवून दिला. खुनाच्या खटल्यातली सुरी ठेवतात तसा.

बारशाला मी माझा हुकमी पत्ता काढला. चांदीचं एक जुनं आयरिश नाणं. एका बाजूला वीणेसारखं तंतुवाद्य, दुसऱ्या बाजूला उभा घोडा, साल १९२८. आमचे हे एका कॉन्व्हेंट शाळेत गणित शिकवायचे. तिथल्या आयरिश मुख्याध्यापिका बाई मायदेशी कायमच्या परतताना त्यांना ते देऊन गेल्या. हे प्रूफ आहे, असं हे आल्यागेल्याला सांगत. प्रूफ म्हणजे बाजारात फिरवायला नव्हे, नमुना म्हणून काढलेलं नाणं. त्याचा ठसा आधी आरशासारखा चकचकीत करतात, मग एकेक नाणं सावकाश, जोर देऊन छापतात. यांनी ते मऊ कागदात गुंडाळून कपाटात ठेवलं होतं आणि मला बजावलं होतं की हात लावायचा नाही. हे जाऊन तेव्हा दोन वर्षं झाली होती. नातीच्या मुठीत मला यांच्या हातचं काहीतरी ठेवायचं होतं.

पंधरा-वीस माणसांसमोर मी नाणं पाळण्यात ठेवलं आणि यांचं सगळं भाषण जसंच्या तसं म्हणून दाखवलं. व्याह्यांनी भिंग काढलं. नाणं खिडकीशी नेलं.

"हे घासून चमकवलंय," ते म्हणाले. "साधं नाणं आहे. तुमच्या यजमानांना कुणीतरी बनवलं, विहीणबाई."

एका पाहुण्याच्या हातातली जिलबी तोंडाशी जाता जाता थांबली. मेलेल्या माणसाला वीस लोकांत मूर्ख ठरवलं होतं. आणि तेही माझ्या मेलेल्या माणसाला.

पुढचे आठ दिवस आम्ही एकमेकांशी फक्त बाळामार्फत बोललो. तुझ्या आजोबांना सांग चहा झालाय. तुझ्या आजीला सांग चहा गार आहे. दोन-तीन आठवड्यांची पोर दोघांकडे आळीपाळीने बघायची. शेवटी सून वैतागली आणि तिने आम्हा दोघांना गाडीत घातलं. एका मॉलच्या कोपऱ्यात नाण्यांचं दुकान होतं. बाळाला पाजायचं होतं म्हणून ती गाडीतच थांबली.

दुकानदार म्हातारा होता, जाड चष्म्याचा. माझं इंग्रजी भाजी घेण्यापुरतं, त्यामुळे दुभाषा कोण, तर शत्रू. म्हाताऱ्याने नाणं कडेने धरलं, दिव्याखाली तिरपं केलं, हळूहळू फिरवलं. घोड्याच्या पोटाखाली थांबला. वाद्याच्या तारांमध्ये थांबला. मग बराच वेळ बोलला. व्याह्यांचा चेहरा पडत गेला तशी मी ताठ होत गेले.

"प्रूफ आहे," ते म्हणाले. त्यांनी भाषांतरात लबाडी केली नाही, हे मला आजही मान्य करावं लागतं. नाण्याचा काठ धारदार, काटकोनात उठलेला होता. अक्षरं ठाशीव होती. आणि तारांच्या फटीत, घोड्याच्या पायांमध्ये, जिथे बोट पोचत नाही तिथे मूळचा आरसा अजून शिल्लक होता. बाकी सगळीकडे बारीक ओरखडेच ओरखडे. कुणीतरी वर्षानुवर्षं खरबरीत पुडीने घासलं होतं. आता जाणकार माणूस त्याला हात लावणार नाही.

"कुणी घासलं?" व्याह्यांनी मराठीत विचारलं.

दर दिवाळीला लक्ष्मीपूजनाच्या सकाळी, हे फुलं आणायला बाजारात गेले की मी कपाट उघडत असे. चांदीच्या निरांजनाबरोबर, करंड्याबरोबर घोडाही रांगोळीने घासत असे, अंगठ्याने दाबून. काळपट नाणं लक्ष्मीपुढे कसं ठेवायचं? अशा तीसेक दिवाळ्या.

"ह्यांनी," मी म्हणाले.

बघा मला. नवऱ्याची अब्रू राखायला बर्फ तुडवत आलेली बाई, आणि पहिल्याच प्रश्नाला तिने त्यालाच पुढे केलं.

व्याह्यांनी मान हलवली. गाडीत बसताच त्यांनी मुलीला निकाल सांगितला: नाणं अस्सल निघालं, पण तुझ्या सासऱ्यांनी त्याची वाट लावली, माणसाला त्यातलं काही कळत नव्हतं. सुनेने गाडी सुरू केली. मागच्या सीटवर बाळाशेजारी मी, आणि मला आठवत होतं ते ताम्हनात ठेवलेलं चकचकीत नाणं. हे पूजेला बसत, त्याच्याकडे पाहत आणि दर वर्षी म्हणत, छान चमकतंय. एवढंच. पूजा झाली की पुन्हा कागदात गुंडाळून ठेवत. यांना ते कळत नव्हतं?

घराच्या वळणाशी आलो तेव्हा मी म्हणाले, "मी घासलं. त्यांनी हात लावू नको म्हणून सांगितलं होतं."

व्याह्यांनी मागे वळूनही पाहिलं नाही.

"ठाऊक आहे," ते म्हणाले. "तवा पाहिलाय मी."

म्हणजे दुकानात, गाडीत, माझ्या तोंडून निघेपर्यंत हा माणूस वाट बघत बसला होता. मला त्यांचा इतका राग आला की त्या दिवशी त्यांच्या चहात साखर बरोबर पडली.

दुसऱ्या दिवशी मुलाकरवी त्यांनी प्लास्टिकची गोल डबी मागवली, नाणं तिच्यात बंद केलं आणि झाकणावर चिठ्ठी चिकटवली: 'हात लावू नये.' खाली बारीक अक्षरात: 'विशेषतः आजीने.'

परतताना सुनेने डबी माझ्याच पिशवीत घातली. त्या दिवाळीला इकडे घरी मी डबीसकट घोड्याची पूजा केली आणि हळदकुंकू थेट त्या चिठ्ठीवर वाहिलं.