टायरवरची खडूची रेघ
हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. काल सायकलच्या दुकानात एका टायरवर खडूची रेघ दिसली आणि मला आमचं अंगण आठवलं. एका दिवसात शंभर किलोमीटर सायकल चालवायची, एवढं एकच वेड दादाला होतं, आणि त्यासाठी त्यानं अंतर दाखवणारा मीटर आणला होता. मीटरमध्ये चाकाचा घेर घालावा लागायचा. तो मोजायला टायरवर खडूची रेघ मारून तो स्वतः सीटवर बसला. "वजनानं टायर दबतं की, हळू ढकल," म्हणाला. तापलेल्या फरशीवर ती रेघ पुन्हा टेकेपर्यंत मी सायकल ढकलली. टेपवर दोनशे दहा सेंटीमीटर भरले, आणि मीटरनं खऱ्यापेक्षा जास्त अंतर दाखवावं म्हणून त्यात मी दोनशे तीस घातले. अक्कलकोटच्या पुढं जाऊन परत आल्यावर शंभरला काही कमी पडलं, तर तो सोबत येणाऱ्या मलाही गावातल्या तलावाला फेऱ्या मारायला लावणार होता, आणि मला तेवढं दमायचं नव्हतं. दुसऱ्या दिवशी पहाटे निघून भर उन्हात आम्ही परतलो, तेव्हा अगदी दारातच मीटरवर शंभर उमटले. "झालं की रं!" म्हणत दादानं घामेजल्या अंगानं मला मिठी मारली आणि गल्लीभर पेढे वाटले. मीही एक खाल्ला. आता त्याचे दोन्ही गुडघे गेलेत, सायकलही विकली. पण घरी कुणी आलं की तो त्या शंभराची गोष्ट काढतो आणि "हा होता की संगं, विचारा ह्याला," म्हणून माझ्याकडं बघतो. मी मान हलवतो. दादाला मी अजून नऊ किलोमीटर देणं लागतो.