गाडी लगेच बंद करू नये

कुपवाडला माझं टर्बो, म्हणजे इंजिनात जादा हवा दाबणारे पंखे, दुरुस्त करायचं वर्कशॉप आहे. त्यामुळे दादाची डिझेल जीप बिघडल्यावर माझ्याकडेच आली. दादा म्हणजे माझा थोरला भाऊ, फौजेतून निवृत्त झालेला ड्रायव्हर. याच जीपमधून तो आईला उंब्रजहून सांगलीला डायलिसिसला आणायचा. जीप अडकली की आईची फेरी चुकणार, एवढा साधा मामला होता.

गाडीला ओढ नव्हती, मागून निळा धूर. त्यावर दादानं कुठूनतरी ब्लो-ऑफ व्हॉल्व्ह बसवून आणलेला. ॲक्सिलरेटरवरून पाय उचलला की फुस्स.

"त्येनं टर्बो टिकतो," दादा ऐटीत म्हणाला.

"पेट्रोल गाडीचा टिकतो. तिथं पाय उचलला की हवेची झडप मिटती, दाबलेली हवा उलटी टर्बोच्या पात्यावर आदळती. व्हॉल्व्ह ती बाहेर सोडतो. तुज्या डिझेलला ती झडपच न्हाई, दादा. नुसता आवाज हाय."

तो रुसला. रुसलेला फौजी म्हणजे घरादाराला शिक्षा.

टर्बो खोलला. पात्यांचा दांडा खिळखिळा झालेला, आत तेल जळून काळी खपली धरलेली. तापलेलं इंजिन झटकन बंद केलं की तेलाचा प्रवाह थांबतो आणि आतलं तेल जागच्या जागी जळतं. पण इतकी वर्षं गाड्या हाकलेला माणूस असं का करेल?

"तुजी वहिनी दारात भाकरतुकडा घिऊन हुबी असती," दादा म्हणाला. "आईला हुबं ऱ्हावत न्हाई. गाडी घुरघुरत ठिवून ओवाळायचं व्हय?"

आमचं उंब्रजचं घर हायवेला लागूनच. भरधाव आलेली गाडी दर फेरीला आईची दृष्ट काढायला बंद होत होती. मला हसू यायला हवं होतं, आलं नाही.

मी बेअरिंग बदललं, दांडा नवा घातला. व्हॉल्व्ह दादाच्या समाधानासाठी राहू दिला. दारात पोचल्यावर जरा वेळ इंजिन चालू ठेवायचं आणि तोवर आईनं गाडीतच बसायचं, असं ठरवून दिलं.

"बसू की," आई म्हणाली. "मला घरात जाऊन कंचं रान खुरपायचं हाय?"

तेव्हापासून एकही फेरी चुकली नाही. गेल्या पावसाळ्यात आई गेली. मला रडू आलं नाही, अजूनही येत नाही. परवा दादा जीप तपासायला घेऊन आला. तो बाहेर उभा राहिला. मी टर्बोचा दांडा बोटानं हलवून पाहिला. जरासुद्धा ढिला नव्हता, अजून बरीच वर्षं जाईल. त्या दांड्याचा मला फार राग आला.