जुळवलेला आकडा

ऑफिसात तिला खात्रीबाई म्हणत. तोंडावर नाही, पण म्हणत. एका प्रोग्रामिंगच्या भाषेची माहितीची पानं लिहायचं तिचं काम. त्यातलं एकच पान लोकांना खरोखर लागे: भाषेचा सगळा पसारा न घेता तिची नुसती हत्यारं आपल्या मशीनवर कशी बसवायची, ते सांगणारं. हत्यारं म्हणजे काळ्या खिडकीत टाइप करून चालवायचे छोटे प्रोग्राम. चित्रं नाहीत, बटणं नाहीत. पानावर सगळ्या मिळून चार ओळी. पहिलीनं नेटवरून फाइल उतरवायची, दुसरीनं तपासायची, तिसरीनं बसवायची, चौथीनं नीट बसली का ते बघायचं. नऊ वर्षं ती या चार ओळींवर पहारा देत होती. आई म्हणायची, "एवढं शिकून पोरगी चार ओळी लिहिते, त्याही लोकांनी कॉपी करायला."

आईचं तरी काय चुकलं? लोक वाचतात थोडेच! ओळ उचलायची, चिकटवायची, एंटर मारायचा. आपण काहीतरी लिहावं आणि हजारो अनोळखी माणसांनी ते डोळे झाकून आपल्या मशीनमध्ये शिरू द्यावं, याची तिला धास्ती वाटायची. म्हणून पान बदललं की ती कपाटातला जुना लॅपटॉप काढायची, पुसून कोरा करायची, आणि आपल्याच ओळी नवख्या माणसासारख्या एकेक करून टाइप करायची. कॉपी नाही हं, टाइप.

दुसऱ्या ओळीवर तिचा फार जीव. प्रत्येक फाइलीचा एक लांबलचक आकडा निघतो. फाइलीत एक टिंब जरी इकडचं तिकडे झालं तरी तो पार बदलतो. खरा आकडा पानावर लिहिलेला असतो. आपला त्याच्याशी जुळला तर पुढे जायचं, नाही तर तिथेच थांबायचं. दहातली नऊ माणसं ही ओळ गाळतात. न गाळणारी एक तिला पक्की ठाऊक होती, ती म्हणजे तिची धाकटी बहीण. बहीण शहराच्या पाणीपुरवठ्यात होती. पंप आणि व्हॉल्व्ह चालवणारे कॉम्प्युटर तिच्या ताब्यात, आणि त्यांच्यावरही हीच हत्यारं. खात्रीबाईनंच तिला दम भरला होता, "आकडा जुळल्याशिवाय माझ्यावरसुद्धा विश्वास ठेवायचा नाही."

सोमवारी सकाळी पानाखाली तक्रारी यायला लागल्या. तिथे नाव न घालता लिहिता येतं. "आकडा जुळत नाही." "पान चुकलंय, बघा जरा." अकरापर्यंत पाच झाल्या.

तिला नवल वाटलं नाही, राग आला. हत्यारं बनवणारा एक प्रोग्रामर होता, त्याला सगळे दाढी म्हणत. तो फाइलीत काहीतरी किरकोळ बदलायचा, नवी फाइल चढवायचा आणि हिला सांगायला विसरायचा. मागे तीनदा असंच झालेलं. आणि आता स्वारी रजेवर. "चोर सोडून संन्याशाला फाशी," ती पुटपुटली. तिनं फाइल उतरवली, आकडा काढला, तो खरंच वेगळा होता. लॅपटॉप कोरा केला, ओळी टाइप केल्या. हत्यारं झकास चालली. मग तिनं पानावरचा जुना आकडा खोडून नवा घातला आणि खाली लिहिलं, "दुरुस्त केलं आहे." तक्रारी बंद झाल्या.

इतकी सावध बाई, पण किल्ली लागेना म्हणून हिनं कुलूपच बदललं. घरात कोण शिरलंय ते बघितलंच नाही. लॅपटॉपवर काहीही चालू नव्हतं, तरी त्याचा पंखा संध्याकाळपर्यंत घरघरत होता. म्हातारा झालाय, असं म्हणून तिनं तो कपाटात ठेवून दिला.

गुरुवारी दाढी कामावर आला. चहाच्या मशीनपाशी तिनं त्याला गाठलं. "काय राजे, फाइल बदललीत तर निदान कळवत तरी जा. किती दिवस तुमची उष्टी काढायची?"

तो हसला. "कुठली फाइल?"

"सोमवारपासून आहे ती."

"मी तीन आठवडे हात नाही लावला तिला."

दोघंही चहा तसाच ठेवून त्याच्या टेबलाकडे गेले. ती त्याच्या खुर्चीमागे उभी राहिली. त्यानं फाइल कोणी, कधी चढवली त्याच्या नोंदी काढल्या, मग फाइलच उघडून पाहिली. मग म्हणाला, "रविवारी कोणीतरी आपल्या पासवर्डनं आत आलंय. हत्यारं आपलीच आहेत, पण त्यांच्यात आणखी काहीतरी भरलंय. ते बाहेर कोणाशी तरी बोलतं. तिकडून हुकूम घेतं." त्यानं विचारलं, "पण लोकांनी घेतली कशी? आकडा जुळला नसेल ना."

"मी जुळवला," ती म्हणाली.

त्यानं तिच्याकडे पाहिलं आणि नजर वळवली. चार शिव्या दिल्या असत्या तर तिला बरं वाटलं असतं. त्यानं पान बंद करायला घेतलं. हजारो लोकांचं ओझं नंतर छातीवर येणार होतं, आत्ता तिला एकच चेहरा दिसत होता, बहिणीचा. जिन्यात जाऊन तिनं फोन लावला.

"बोल गं ताई," बहीण म्हणाली. मागे पंपांची घरघर ऐकू येत होती.

"या आठवड्यात माझ्या पानावरून काही बसवलंस का?"

"हो, सोमवारी. आधी आकडा जुळेना, म्हणून तिथेच थांबले. ती पहिली तक्रार माझीच. तुला फोन करणार होते, तेवढ्यात तू पान दुरुस्त केलंस. मग जुळला."

"किती मशीनवर बसवलंस?"

"सगळ्यांवरच. का गं?"

"तू थांबलीस तेच बरोबर होतं," ती म्हणाली. "चूक माझी आहे. फाइल खराब आहे. सगळी मशीनं नेटवरून तोड. आत्ताच्या आत्ता."

"अगं, अशी एकदम कशी तोडू? परवानगी लागते. शहराला पाणी..." बहीण बोलता बोलता थांबली. पलीकडून कोणीतरी तिला हाक मारत होतं.

"मॅडम, तीन नंबरचा व्हॉल्व्ह तुम्ही उघडलात का?"

"नाही," बहीण म्हणाली. "मी तर फोनवर आहे."