केसवाल्याची आरोळी

नोकरी धड नाही, आणि वर हे आवाजांचं खूळ. फेरीवाल्यांच्या आरोळ्या रेकॉर्ड करायच्या, कापायच्या, त्यांच्याखाली कीबोर्डची घरघर घालायची, असलं संगीत मी बरीच वर्षं करतोय. ऐकणारे मोजके, तेही माझ्यासारखेच दमलेले.

आमच्या सोनईत एक केसवाला मोटरसायकलला भोंगा लावून येतो. बायकांचे विंचरताना निघालेले केस घेतो, बदल्यात भांडी देतो. त्याचीही आरोळी मी उचलली होती.

गेल्या आठवड्यात तो दारात आला. भोंग्याचं मेमरी कार्ड खराब झालं होतं आणि घसा बसल्यामुळे नवी आरोळी भरता येत नव्हती. "माझा आवाज तुमच्याकडं हाय ना? तेवढा द्या," तो कसाबसा म्हणाला. मूळ रेकॉर्डिंग मी कधीच पुसलं होतं. उरली होती फक्त माझी रचना. तीच नव्या कार्डात भरून दिली. म्हटलं, निदान कुणीतरी वाजवेल.

परवा ती गल्लीत वाजली. घरघर, तुटलेली आरोळी, मधली शांतता, सगळं माझंच. माझं काम दोन मिनिटंही कधी न ऐकलेली आई खुंटीवरची केसांची पिशवी घेऊन लगबगीनं बाहेर गेली. मी उंबऱ्यावरच थांबलो.

नवी चाळणी घेऊन ती परत आली. म्हणाली, "भोंगा लई बिघडलाय त्याचा. पर काय म्हनतोय ते कळतं."