क्रूस धरणारं घर

मायलिसचे हात कोपरापर्यंत मक्याच्या पिठात होते, तेव्हा ग्रासियान दारात येऊन उभी राहिली. जनरल कास्तेरांकडे काम करणारी ही बाई. तिच्या डोक्यावरचा काळा रुमाल पाहूनच मायलिस समजली.

"गेला का?"

"पहाटे. काकू, पहिल्या शेजारीण तुम्ही. तुमच्याशिवाय पेटी उंबरा ओलांडायची नाही."

"पॅरिसहून येतील की छातीवर बिल्ले लावलेले साहेब. उचलतील ते."

"त्यांना आपल्या कब्रस्तानाची वाट तरी ठाऊक आहे का?"

मायलिसचे हात थांबले. दक्षिण फ्रान्समधल्या बेआर्न प्रांतातल्या त्या गावात कुणी गेलं की सुताराला शवपेटी सांगायची, घरोघर कळवायचं, पुढे क्रूस धरून चालायचं, हे सगळं पहिल्या शेजारघराचं काम. दुसऱ्या कुणी केलेलं चालत नसे.

जेर्मँ कास्तेरा तिच्याबरोबर बदकं राखत वाढला. मग फौजेत गेला. आफ्रिकेत बढती, क्रिमियात जखम, इटलीत पदक. जनरल होऊन सुट्टीवर आला, तेव्हा मायलिसनेच आपला मुलगा आर्नो त्याच्यापुढे उभा केला. "तुझ्या नजरेखाली ठेव रे बाबा याला." पुढे प्रशियाशी जुंपली. हरणार हे दिसत असताना जेर्मँने घोडदळ तोफांवर घातलं. आर्नो त्यातच होता. पुरायला त्याचं बोटसुद्धा घरी आलं नाही.

प्रशियाच्या कैदेतून सुटून जेर्मँ गावात आला आणि त्याने पहिल्या शेजाऱ्याचा क्रूस मागून घेतला. आर्नोच्या रिकाम्या पेटीपुढे तो अनवाणी चालला. लोक थुंकले. "पोरं मारून आता क्रूस मिरवतोय मेला!" त्याने तोंडही पुसलं नाही. मायलिसने मात्र त्याला पुन्हा दार उघडलं नाही. जपमाळ ओढताना प्रभूच्या प्रार्थनेत ‘आम्ही जशी क्षमा करतो’ इथे तिची जीभ अडे. तेवढे शब्द गिळून ती पुढे जाई.

"काल विचारत होते, तुम्ही याल का म्हणून," ग्रासियान म्हणाली.

"तू काय सांगितलंस?"

"ठाऊक नाही म्हटलं. मरत्या माणसाशी खोटं कशाला बोलू?"

"बरं केलंस."

मायलिसने पिठावर ओलं फडकं टाकलं, हात धुतले.

"माफ नाही केलं हो मी त्याला. पण माझ्या पोरापुढे चालला होता तो." मग तिने विचारलं, "उंची किती उरली होती गं? वाकला होता ना फार?"

ग्रासियानने हात आपल्या भुवईपाशी धरला. ते माप डोळ्यांत ठेवून मायलिस पेटी सांगायला सुताराकडे निघाली.