सरांच्या खात्यातला आवाज

"आवाज येत नाही? मासळी बाजारात ओरडून ओरडून तुझेच कान गेलेत. मशीन चांगलंय."

सर सगळ्या क्लाससमोर बोलले. पोरी फिदीफिदी हसल्या. माझ्या कानावर हेडफोन, आणि हेडफोनात काय बी नाय. बोईसरचा कॉम्प्युटर क्लास हा. इथं ऐकण्याची परीक्षा पास झाली की कारखान्याच्या ऑफिसात फोन घ्यायची नोकरी मिळणार होती. मला ती पायजेच होती. आय सातपाटीहून म्हावऱ्याची पाटी घेऊन बाजारात विकायला निघते, तिच्या कामाची मला लाज नाय. पण तिचे गुडघे गेलेत. आता घर मलाच ओढायचं होतं.

हेडफोन बदलला. आवाज पार टोकाला नेला. सेटिंगमध्ये स्पीकरचं नावच नाय, नुसतं 'डमी आउटपुट', म्हंजे आवाज कुठंच जाणार नाय. रोज तेच! मशीनवर विंडोज नाय, लिनक्स; त्यात आमाला साधी खाती, सगळा कारभार सरांच्या पासवर्डात. ज्याला ऐकायचंय त्यानं सरांच्या खुर्चीपाशी जायचं, हात जोडून "सर, प्लीज" म्हणायचं. मग सर येऊन स्वतःचं खातं उघडणार. त्यात सगळं ठणठणीत.

"बघ, वाजतंय की!"

डोक्यात तिडीक जायची.

एकदा वैतागून मशीन रीस्टार्ट करायला गेले. पडद्यावर आलं, दुसरा वापरकर्ता अजून लॉगिन हाय, पासवर्ड द्या. दुसरा कोण? सरच की! रोज सकाळी ते प्रत्येक मशीनवर आपल्या खात्यातून आरती लावायचे. मग खातं बंद न करताच वापरकर्ता बदलून आमाला बसवायचे. मोबाइलवर शोधलं तर तेच निघालं. आवाज सरांच्या खात्यानं धरून ठेवलेला.

मी सांगितलं, "सर, आरती झाली की तुमचं खातं बंद करत जा. मग आमचं वाजेल."

"मला शिकवतेस? माझं खातं चालूच राहणार. पाहिजे त्यानं मागायचं."

परीक्षेच्या सकाळी पण आरती झाली. माझा हेडफोन मुका. सर मागं येऊन उभे राहिले.

"म्हण, सर प्लीज."

शब्द ओठावर आले होते. गिळले. मशीनचं बटण दाबून धरलं, पडदा काळा होईपर्यंत. सरांचं खातं गेलं. मशीन परत चालू झालं, मी माझ्या नावानं आत शिरले, आणि कानात आवाज आला. स्वच्छ. मला रडूच फुटलं.

"ऊठ! बाहेर हो आधी!"

"नाय उठणार. पेपर झाल्यावर उठेन."

सगळं ऐकलं, सगळं लिहिलं. सरांनी माझं नाव कारखान्याला धाडलंच नाय. नोकरी गेली. आय बोलली, "हात जोडले असतेस तर काय बिघडलं असतं, बाय?"

बिघडलं असतं, आय. पालघरच्या क्लासात नाव घालतेय. परीक्षा परत देईन, धा वेळा देईन. पण माझ्या कानांनी ऐकायला मी कुणापुढं हात जोडणार नाय.